शोध आधी दाखवावा की नोंदवावा?

नारायणगावाहून खोडदकडे जाताना ऊस आणि द्राक्षबागांच्या वर डोके काढून उभ्या असलेल्या तारांच्या प्रचंड बशा तुम्ही पाहिल्या असतीलच. प्रत्येक बशीचा व्यास ४५ मीटर आणि अशा बशा एकूण ३०. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या निमित्ताने तेथे विज्ञान प्रदर्शन भरते. जुन्नर-आंबेगावच्या शाळांतील मुले आपापली उपकरणे घेऊन तेथे येतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती उत्साहाने समजावून सांगतात.

समजा, घोडेगावजवळच्या एका शाळेतील नववीतल्या मुलीने अशा प्रदर्शनासाठी टोमॅटो निवडण्याचे एक साधन बनवले. घरी तोडणी झाली की लहान, मध्यम, मोठा असा माल हाताने वेगळा करताना रात्र होते, हे तिने रोज पाहिलेले. तिने दोन गुळगुळीत दांड्या अशा बसवल्या, की एका टोकाला त्यांच्यातील फट ४ सेंटिमीटर आणि दुसऱ्या टोकाला ७ सेंटिमीटर. टोमॅटो उतारावरून पुढे सरकतो आणि फट त्याच्या आकाराएवढी झाली की खाली पडतो. लहान फळ आधी, मोठे नंतर. पण फळे मध्येच अडकू लागली. हाताने ढकलावे तर ती दबतात. तेव्हा तिने सारी चौकटच चार दोऱ्यांनी टांगली. दोरी १ मीटर लांब असेल तर एका झोक्याला सुमारे २ सेकंद लागतात, हे तुम्ही लंबकाच्या प्रयोगात शिकला आहात. एवढ्या संथ झोक्याने फळे हलतात, पण एकमेकांवर आदळत नाहीत.

प्रदर्शनात तिला शाबासकी मिळते. गर्दीतील एक गृहस्थ यंत्राची छायाचित्रे घेतात, दोऱ्यांची लांबी विचारतात. ती आनंदाने सांगते. चार महिन्यांनी तसेच यंत्र एखाद्या कारखान्यातून विकले जाऊ लागते. आता तक्रार कोणाविरुद्ध करायची? त्या गृहस्थाने चोरी केलेली नाही. जे सर्वांसमोर मांडले होते तेच त्याने पाहिले. याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. आता त्या मुलीने स्वतः पेटंट मागितले, तरी बहुधा तिलाही ते मिळणार नाही. कारण अर्जाच्या दिवशी शोध नवा असावा लागतो आणि तिचा शोध तिनेच जगजाहीर केलेला आहे!

हा नियम अन्यायाचा वाटतो ना? तो का आहे हे कळण्यासाठी पेटंट म्हणजे काय ते पाहू. पेटंटला मराठीत ‘एकस्व’ असा शब्द आहे, पण तो कोशाबाहेर फारसा पडलेला नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मोठा गमतीचा आहे: ‘उघडे असणे’. राजाने मोहोर लावून दिलेले, कोणीही वाचावे असे उघडे पत्र, ते पेटंट. पुष्कळांना वाटते, की पेटंट म्हणजे शोध लपवून ठेवण्याची सोय. खरे म्हणजे अगदी उलट. तो समाजाशी केलेला सौदा आहे. संशोधकाने आपली युक्ती, दुसऱ्या जाणकाराला ती करता येईल इतकी स्पष्ट लिहून द्यायची. त्या बदल्यात सरकार त्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे इतरांना ती वस्तू बनवण्यापासून आणि विकण्यापासून रोखण्याचा हक्क देते. नंतर ती सर्वांची होते. आता जी युक्ती लोकांना आधीच कळलेली आहे, तिच्याबद्दल समाजाने मोबदला कशाचा द्यायचा?

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात याला थोडी सवलत आहे. केंद्र सरकारने राजपत्रात तशी अधिसूचना काढलेल्या प्रदर्शनात शोध मांडला किंवा एखाद्या विद्वत्सभेत त्यावर निबंध वाचला, तर १२ महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. पण आपल्या प्रदर्शनासाठी अशी अधिसूचना निघाली असेलच, असे गृहीत धरून चालू नये. आधी अर्ज आणि मग प्रदर्शन हा क्रम बरा. यंत्र अजून पुरे झालेले नसेल तरी ‘तात्पुरते विवरण’ देऊन तारीख पक्की करता येते आणि पूर्ण विवरण १२ महिन्यांत द्यावे लागते. दोघांना स्वतंत्रपणे एकच गोष्ट सुचली, तर ज्याचा अर्ज आधी त्याचा हक्क आधी. म्हणून तारखेला एवढे महत्त्व.

पण पेटंट घ्यावेच का? या प्रश्नाने एका फार मोठ्या माणसाला छळले होते आणि त्याचे काम खोडदच्या दुर्बिणीशी नाते सांगणारे आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात रेडिओ तरंगांचे प्रात्यक्षिक दाखवले, तेही अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या तरंगांचे. तरंग निर्माण करण्याइतकेच ते टिपणेही अवघड असते, आणि टिपणारे साधन हाच बोस यांच्या कामाचा गाभा होता. १९०१ च्या मे महिन्यात लंडनला त्यांचे व्याख्यान होते. त्याआधी तारायंत्राच्या एका मोठ्या कंपनीचा धनाढ्य मालक पेटंटचा अर्ज हातात घेऊनच त्यांना भेटला. आज सारे सांगून टाकू नका, पेटंट मी घेतो, नफ्यातील अर्धा वाटा माझा, असा त्याचा आग्रह. ही हकीकत बोस यांनीच रवींद्रनाथ टागोरांना पत्राने कळवली. बोस यांना त्या पैशाच्या लोभाची शिसारी आली आणि त्यांनी व्याख्यानात काही हातचे राखले नाही.

तथापि भगिनी निवेदिता आणि सेरा बुल या त्यांच्या हितचिंतक स्त्रियांनी पाठपुरावा केला. सप्टेंबर १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज गेला आणि २९ मार्च १९०४ रोजी पेटंट क्रमांक ७,५५,८४० मिळाले. त्यात गॅलिना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून तरंग टिपण्याची युक्ती होती. अर्धवाहकांच्या पुढील युगाची ही फार लवकरची चाहूल. बोस यांनी मात्र त्या पेटंटातून पैसा कमावला नाही. त्यांचे वागणे मला आदरणीय वाटते, पण ते सर्वांनी जसेच्या तसे उचलावे असे मात्र वाटत नाही. पगारी प्राध्यापकाने ज्ञान फुकट वाटणे वेगळे आणि दोन एकर जमिनीवर घर चालवणाऱ्याच्या मुलीने वाटणे वेगळे.

उलट बाजूचे उदाहरण मराठी आहे. १८६७ साली मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी सुमारे ४० पेटंटे घेतली. छापखान्याचे खिळे भराभर ओतणारे ‘भिसोटाइप’ हे त्यांचे नावाजलेले यंत्र. दादाभाई नौरोजींनी त्यांना मदत केली, सर रतन टाटांनी भांडवल पुरवले. तरीही ते यंत्र बाजारात म्हणावे तसे रुजले नाही. पेटंट म्हणजे इतरांना अडवण्याचा हक्क. गिऱ्हाईक, भांडवल आणि कारखाना ते आणून देत नाही.

आता कशाला पेटंट मिळत नाही ते पाहू. हायड्रोजनचे अणू सुमारे २१ सेंटिमीटर लांबीचे तरंग सोडतात आणि ते खोडदला टिपता येतात. हे तरंग शोधणाऱ्याला त्यांचे पेटंट मिळाले नसते, कारण निसर्गातील तत्त्व शोधणे म्हणजे नवी वस्तू निर्माण करणे नव्हे. ते टिपणारा नवा संग्राहक मात्र पेटंटयोग्य ठरू शकतो. शेतीच्या पद्धतीलाही आपल्याकडे पेटंट नाही. द्राक्षाची छाटणी तुम्ही कितीही नव्या तऱ्हेने केलीत तरी नाही. छाटणीची नवी कात्री केलीत तर विचार होईल. वेलीला निराळ्या घडांची फांदी फुटली आणि तुम्ही ती वाढवलीत, तर त्यासाठी २००१ चा पिकांच्या वाणांचा वेगळा कायदा आहे. शेतकऱ्यालाही त्याखाली आपला वाण नोंदवता येतो.

आणि पूर्वापार ज्ञानाला पेटंट नाही. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आजीने सांगितले होते, एवढे म्हणून तेथे भागले नसते. लेखी पुरावा लागला. भीमाशंकर-आहुपे भागात हिरडा गोळा करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्याचे जे उपयोग ठाऊक आहेत, ते कोणी वहीत उतरवून घेतले आहेत का? सुट्टीत करण्याजोगे काम आहे.

आपल्या टोमॅटोच्या यंत्राकडे परत येऊ. रुंदावत जाणाऱ्या दांड्यांनी फळे निवडणे ही कल्पना जुनी आहे. तेव्हा पेटंट मिळालेच तर टांगलेल्या चौकटीच्या जोडणीचे. तेही ती कोठे आधी झालेली नसेल आणि त्या विषयातील माणसाला सहज सुचण्याजोगी नसेल तरच. हा शोध पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट घेता येतो. परदेशी पेटंटेही पाहावीत. अर्जातील ‘दावे’ म्हणजे जमिनीच्या खरेदीखतातील चतुःसीमाच. फार मोठ्या आखल्या तर शेजारच्याच्या रानात जातात, फार लहान आखल्या तर आपलेच रान बाहेर राहते.

गुप्त ठेवण्याचा मार्गही आहे, पण तो मिसळीच्या मसाल्याला शोभतो. चव घेऊन प्रमाण कळत नाही. टांगलेली चौकट मात्र एकदा पाहिली की कळते.

खर्चाचे म्हणाल, तर व्यक्तीने संगणकावरून अर्ज केल्यास १,६०० रुपये आणि तपासणीच्या मागणीसाठी ४,००० रुपये लागतात. पुढे पेटंट मिळाल्यास तिसऱ्या वर्षापासूनचे वार्षिक शुल्क वेगळे, वकिलाची किंवा एजंटाची फी वेगळी. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. (आपल्या देशात पेटंटसाठी पहिला अर्ज १८५६ साली कोलकात्यात झाला, तो छताचा पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. अर्जदार डिपेनिंग साहेबांना उन्हाळा बराच जाचला असावा.) सामान्य शेतकरी, कारागीर आणि विद्यार्थी यांना अर्जाच्या कामी मदत करणारी नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही संस्था २००० सालापासून गुजरातेत काम करते.

समजा, त्या मुलीने आणि तिच्या वडिलांनी हिशेब केला आणि २० वर्षे कोणाच्या मागे धावण्यापेक्षा यंत्र गावोगाव व्हावे असे ठरवले. तर तिने आकृती, मापे आणि तारखेसह सारे वर्णन सर्वांना मिळेल अशा मासिकात छापावे. मग नंतर अर्ज करणाऱ्या कारखानदारालाही त्याच यंत्राचे पेटंट मिळू नये, कारण तो छापील लेखच आडवा येईल, आणि मंचरच्या लोहारापासून ओतूरच्या सुतारापर्यंत कोणालाही ते करता येईल. हा मार्गही विचारपूर्वक निवडलेला असू शकतो. मात्र तो प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात घरी बसून ठरवायचा. गर्दीत कोणी दोरीची लांबी विचारल्यावर नव्हे.