उद्योजक, नियोजनकार आणि राजदूत : गगनविहारी लल्लूभाई मेहता

प्रस्तावना :
स्वातंत्र्योत्तर भारताच्या राजनयात सनदी अधिकाऱ्यांबरोबरच सार्वजनिक जीवनातील व्यक्तींनीही महत्त्वाची कामगिरी बजावली. १९५२ ते १९५८ या काळात अमेरिकेतील भारताचे राजदूत असलेले गगनविहारी लल्लूभाई मेहता हे त्यांपैकी एक होत. त्यांची जडणघडण मात्र जहाज-व्यवसायात झाली होती. उद्योगक्षेत्रातील अनुभवाचा त्यांच्या पुढील कार्याशी असलेला संबंध प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे.

जडणघडण :
मेहता यांचा जन्म १९०० मध्ये अहमदाबाद येथे झाला. वडील सर लल्लूभाई सामळदास हे मुंबईतील उद्योगपती व सहकारी चळवळीचे प्रवर्तक होते. पुण्यातील राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते वैकुंठभाई मेहता हे गगनविहारींचे ज्येष्ठ बंधू. लंडन येथे शिक्षण घेतल्यानंतर गगनविहारींनी काही काळ पत्रकारिता केली व पुढे ते सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत रुजू झाले. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई आदींनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीला ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या दरयुद्धास तोंड द्यावे लागले. राजसत्तेच्या पाठबळावर उभी असलेली स्पर्धा समान पातळीवरची नसते, हा धडा तेथे मिळत होता.

धोरणनिर्मिती :
१९४२-४३ मध्ये मेहता भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे अध्यक्ष होते. स्वातंत्र्यानंतर टॅरिफ बोर्डाचे अध्यक्ष या नात्याने कोणत्या देशी उद्योगास जकातीचे संरक्षण द्यावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. १९५० मध्ये स्थापन झालेल्या नियोजन आयोगाच्या पहिल्या सदस्यांत चिंतामणराव देशमुख, रा. कृ. पाटील यांच्यासमवेत त्यांचाही समावेश होता. निवडणूक न लढविताही ते अशा रीतीने राज्यकारभाराच्या केंद्रस्थानी पोहोचले.

राजदूतपद :
१९५४ चा अमेरिका-पाकिस्तान लष्करी करार आणि भारताचे अलिप्ततेचे धोरण यांमुळे उभय देशांत तणाव होता. त्याच वेळी भारतास अमेरिकेचे धान्य व भांडवल हवे होते. ऑगस्ट १९५५ मध्ये टेक्सास राज्यातील ह्यूस्टन विमानतळावरील उपाहारगृहात मेहता यांना कृष्णवर्णीय समजून वेगळ्या खोलीत बसण्यास सांगण्यात आले. परराष्ट्रमंत्री डलेस यांनी दिलगिरी व्यक्त केली. मेहता यांनी प्रकरण ताणले नाही. तथापि, दिलगिरी राजदूतास मिळाली. तेथील कृष्णवर्णीय नागरिकांसाठी ती वेगळी खोली कायमच राहिली, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

समारोप :
१९५८ मध्ये मायदेशी परतल्यावर मेहता यांनी आयसीआयसीआयचे अध्यक्षपद स्वीकारले. जागतिक बँकेच्या पुढाकाराने १९५५ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ही संस्था भारतीय उद्योगांना परकीय चलनात कर्जे उपलब्ध करून देत असे. १९५९ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान लाभला. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. परकीय कंपन्यांशी झुंजणाऱ्या संस्थेत घडलेल्या या उद्योजकाने पुढे परकीय भांडवल देशात आणण्याचे कार्य केले. यात वरवर विसंगती दिसते. परंतु परकीय भांडवलास नकार देणे हा स्वदेशीचा एकमेव अर्थ नसून, त्याच्या वापराचा निर्णय आपल्या हाती ठेवणे हाही तिचा अर्थ होतो. मेहता यांच्या जीवनकार्याचे महत्त्व यातच सामावलेले आहे.