‘कुंकू’तल्या नीरेला दार कुठं होतं?

लग्नाचा बस्ता बांधायला गुलमंडीवर गेलं की सगळ्यांचा जीव शालूच्या काठापदरात अडकतो. नवरीला रंग विचारतात, बुट्टा विचारतात. नवरा वयानं केवढा मोठा आहे आणि तिला ते मनापासून चालणार आहे का, हे विचारायचं तेवढं राहून जातं. कोणी काढलाच विषय, तर एखादी मावशी ‘पुरुषाचं वय कुठं बघतात गं!’ म्हणून तो मिटवून टाकते.

मैत्रिणींनो, अशा वेळी मला ‘प्रभात’चा ‘कुंकू’ आठवतो. व्ही. शांताराम यांचा १९३७ सालचा हा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. मामा पैशासाठी नीरेला म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधतो. शांता आपटे यांची नीरा रडत बसत नाही. मी ह्यांना नवरा मानणार नाही, असं ती वागून दाखवते आणि अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलालाही चांगली अद्दल घडवते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. त्या शांततेत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, की काकासाहेबांचं सरत आलेलं वयच बोलतंय असं वाटतं. केशवराव दात्यांचे काकासाहेब राक्षस नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांची कीवही येते, आणि तरी नीरेचंच खरं वाटतं.

थेट अशाच घराची गोष्ट दूर स्वीडनमध्ये इंगमार बर्गमन यांनी १९५५ साली सांगितली. ‘स्माइल्स ऑफ अ समर नाइट’ हे तिचं इंग्रजी नाव. काकासाहेबांसारखाच वकील, बिजवर, घरात तरणा मुलगा. बायको एकोणीस वर्षांची, आणि लग्नाला दोन वर्षं होऊनही संसार नावापुरताच. इथं मात्र ती पोर त्या मुलाबरोबरच पळून जाते, आणि चित्रपट आहे हसवणारा! आपल्याला ते नातं पचणं कठीण, हे कबूल. पण तिला निदान निघून तरी जाता आलं.

नीरेचं काय? तेव्हा मुंबई प्रांतात हिंदू बायकांसाठी घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तो आला १९४७ साली, आणि देशभर १९५५ साली. विधवेचा पुनर्विवाह मात्र १८५६ पासून कायद्याला मान्य होता. म्हणजे नवरा जिवंत असेपर्यंत सुटका नाही. शेवटी काकासाहेब चिठ्ठीत तिला मुलगी म्हणून दुसरं लग्न करायला सांगतात आणि जीव देतात. लोक याला त्याग म्हणतात. मला विचाराल तर कथेला दुसरं दारच उघडं नव्हतं.

त्याच्याही आधी, १८९९ साली देवलांचं ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आलं. तिथं म्हातारा भुजंगनाथ बोहल्यावर उभा राहतो आणि लग्न मोडतं ते कशानं? वधूवरांचं गोत्र एक निघालं म्हणून! पोरीची नापसंती कोणाच्या खिजगणतीत नव्हती.

आज मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण हवीत, एवढं कायदा सांगतो. दोघांत अंतर किती असावं याबद्दल तो काही बोलत नाही. तेव्हा सुपारी फुटण्याआधी घरातल्या एका बाईनं मुलीला बाजूला घेऊन विचारावं. चारचौघांत नको, तिथं ती मान डोलावणारच. ‘नाही म्हणालीस तर घरात कोणी बोलणार नाही’ हे आधी सांगावं आणि मगच विचारावं.

आपल्यापैकी कित्येकींचे ‘हे’ आठ-दहा वर्षांनी मोठे आहेत आणि संसार सुखाचे झाले आहेत, हेही खरंच. ‘कुंकू’ पाहताना त्यांना शेजारी बसवा. काकासाहेब आरशासमोर मिशा काळ्या करतात, तिथं ते हसतात का बघा.