रुसलेलें इंजिन

कार्तिकांत खोपोलीजवळच्या साजगांवीं बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. देवाच्या नांवाशीं बोंबील चिकटलेला पाहून नवख्या माणसास हसूं येतें. पण यात्रेंत शिरून सुक्या मासळीचे ढीग पाहिले म्हणजे या नांवाचा उलगडा वासानेंच होतो. साजगांवाला समुद्र नाहीं. त्या बाजूनें पाताळगंगा वाहते; ती पुढें धरमतरच्या खाडीला मिळते, आणि त्या खाडीच्या मुखाशीं रेवस, करंजा हे मच्छीमारांचे बंदर आहेत. यात्रेंतला बोंबील अशाच एखाद्या किनाऱ्यावर वाळलेला असतो, आणि समुद्रांतून तेथवर तो आज बहुधा डिझेल इंजिनाच्या बळावर येतो. हें इंजिन ऐन वेळीं रुसलें तर काय करावें, याविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

‘ऐन वेळीं’ हे शब्द मीं मुद्दाम योजले. बोंबील डोल जाळ्यांत सांपडतो. डोल जाळें म्हणजे समुद्रांत बांधून ठेवलेली एक प्रचंड निमुळती पिशवी. भरती-ओहोटीचा प्रवाह तिच्यांत मासळी लोटतो, आणि तो थबकतो त्या थोडक्या अवधींत ती उपसावी लागते. तेवढ्यांत होडी पोंचली नाहीं तर ती खेप बुडालीच. आणि इंजिन भर समुद्रांत अडलें, तर प्रश्न मासळीचा न राहतां माणसांचा होतो. म्हणून पहिलें काम इंजिनाचें नव्हेच. आधीं नांगर टाकावा. होडी प्रवाहाबरोबर वाहत असतां कोणाचेंहि डोकें ठिकाणावर राहत नाहीं.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्यानें १८९७ सालीं जर्मनींत जें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्याचें मर्म एवढेंच कीं, हवा जोरानें दाबली म्हणजे ती आपोआप तापते. सायकलच्या पंपाचें बूड हाताला कढत लागतें तें याचमुळें. लहान इंजिनांत हवा मूळ जागेच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यांत कोंडली जाते आणि पांचशें अंशांच्या आसपास तापते. तिच्यांत तेलाचा बारीक फवारा उडाला कीं तो पेट घेतो. तेव्हां तेल पोंचलें पाहिजे आणि हवा नीट दाबली गेली पाहिजे.

यांपैकीं कोठें अडलें, हें इंजिन स्वतःच सांगतें. हँडल मारतांना धुराड्याकडे पाहावें. धूर मुळींच नसेल तर तेल पोंचत नाहीं. पांढरा धूर असेल तर तेल पोंचतें, पण पेटत नाहीं. ही खूण न पाहतां बहुतेक लोक दंड भरून येईपर्यंत हँडलच फिरवीत बसतात. मीहि त्यांतलाच. एकदां करंज्यापुढें आम्हीं तिघांनीं आळीपाळीनें घाम गाळला. अखेर म्हाताऱ्या तांडेलानें एक शब्द न बोलतां इंजिन बंद करण्याचा दांडा मागें सारला. तो आम्हींच ओढून ठेविला होता!

दांडा ठीक आहे, टांकींत तेल आहे, तोटी उघडी आहे, आणि तरी धूर नाहीं, तर नळींत हवा शिरली असें समजावें. हवा चेपते, तेल चेपत नाहीं. पंपाचा सारा जोर तो बुडबुडा चेपण्यांतच खर्ची पडतो. टांकींत तेल थोडें असून होडी हेलकावूं लागली म्हणजे हें हमखास घडतें. खालापुराकडे विहिरीवर पाणी उपसणारीं इंजिनें याच जातीचीं. टांकी कोरडी पडल्यावर त्यांनाहि हाच विकार जडतो. उपाय सोपा आहे. गाळणीवरचा स्क्रू सैल करून फेस जाऊं द्यावा, आणि सलग धार लागली कीं तो आंवळावा. मग पंपाचा स्क्रू, आणि शेवटीं नोझलच्या नळीचा नट. क्रम टांकीकडून इंजिनाकडे. उलट गेल्यास मागचा बुडबुडा पुन्हां पुढें येतो. नंतर हँडल फिरवितांना नोझलमधून ‘कर्र’ असा आवाज आला म्हणजे तेल पोंचलें. नोझलच्या फवाऱ्यासमोर मात्र बोट धरूं नये. तो कातडी भेदून आंत शिरतो.

गाळणीच्या तळचें तेल एका कांचेच्या बाटलींत काढून पाहावें. पाणी तेलाहून जड असल्यामुळें बुडाशीं वेगळें दिसतें.

पांढऱ्या धुराचें दुखणें निराळें. दाब सोडण्याची खिट्टी उघडीच राहिली नाहीं ना, हवेची गाळणी तुंबली नाहीं ना, हें पाहावें. इंजिन जुनें असून पहांटेचा गारठा असेल, तर हवेच्या वाटेनें चमचाभर वंगणतेल सोडल्यानें दाब तेवढ्यापुरता सुधारतो. चमच्याहून अधिक सोडूं नये. हँडल धरतांना आंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. उलट झटका बसला तर मनगट वांचतें. धुराड्यांत समुद्राचें पाणी सोडणारें इंजिन असेल, तर वारंवार फिरवितांना तें पाणी सिलिंडरांत शिरतें. अशा वेळीं पाण्याची तोटी बंद ठेवावी, आणि इंजिन धरलें कीं तत्क्षणीं उघडावी.

एवढें करूनहि तें ढिम्म राहिलें, तर उजेड असतांनाच तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर कळवावें.