खिडकी एक, मागण्या अनेक

मोबाइलवर एखादे ॲप उघडले की क्षणार्धात पडद्यावर नावे, छायाचित्रे, अभिप्राय आणि आकडे उमटतात. यातील बहुतेक माहिती फोनमध्ये नसतेच. ती दूरवरच्या सर्व्हरकडून मागवावी लागते. ही मागणी कशी करायची आणि तिला उत्तर कोणत्या स्वरूपात मिळणार, याचे जे नियम ठरलेले असतात त्यांना एपीआय म्हणतात. काय द्यायचे हे पूर्वी सर्व्हर ठरवीत असे. ग्राफक्यूएल या प्रश्नभाषेने तो अधिकार मागणाऱ्याच्या हाती दिला. हे स्वातंत्र्य सोयीचे असले तरी त्याचा सगळा भार सर्व्हरवर पडतो आणि तो कसा पेलायचा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

जुनी पद्धत तहसील कचेरीसारखी होती. उत्पन्नाच्या दाखल्याची खिडकी वेगळी, सात-बाऱ्याची वेगळी, रहिवासी दाखल्याची तिसरीच. रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत सादर केलेल्या प्रबंधात ‘रेस्ट’ नावाची मांडणी केली आणि पुढे बहुतेक संकेतस्थळांनी आपापल्या परीने तीच अनुसरली. प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता आणि त्या पत्त्यावर तिची ठरावीक माहिती. यात अडचण अशी की, एकच ओळ हवी असली तरी अख्खा दाखला घ्यावा लागतो आणि तीन गोष्टी हव्या असतील तर तीन खिडक्यांवर रांग लावावी लागते. कार्यालयातल्या वेगवान जोडणीवर हे खपून जाई. मोबाइलच्या मंद जाळ्यावर मात्र प्रत्येक खेप जाणवते.

फेसबुकला हीच अडचण २०१२ मध्ये भेडसावली. आयफोनसाठी नव्याने लिहिल्या जाणाऱ्या ॲपमध्ये वृत्तप्रवाह दाखवायचा होता. एका नोंदीत लेखक, त्याचे छायाचित्र, अभिप्राय, अभिप्राय देणारे अशी माहितीची गुंतागुंतीची वीण असते. ली बायरन, निक श्रॉक आणि डॅन शेफर या तिघांनी त्यासाठी ग्राफक्यूएल घडवली. २०१५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि २०१८ मध्ये तिच्या देखभालीसाठी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन करण्याची घोषणा झाली. येथे खिडकी एकच. अर्जदार कोऱ्या कागदावर लिहितो: शेवटच्या दहा नोंदी द्या, प्रत्येकीचे शीर्षक, लेखकाचे फक्त नाव आणि पहिले तीन अभिप्राय. उत्तर नेमक्या त्याच आकारात येते. कमीही नाही, जास्तही नाही.

खिडकीच्या आत मात्र धावपळ वाढते. सर्व्हर आधी प्रश्नाचे व्याकरण तपासतो, मग मागितलेली प्रत्येक गोष्ट आपल्या आराखड्यात, म्हणजे ‘स्कीमा’त, आहे की नाही ते पाहतो आणि त्यानंतर उत्तर जमवू लागतो. आराखड्यातील प्रत्येक घटकामागे तो आणून देणारा छोटा प्रोग्राम असतो. त्याला रिझॉल्व्हर म्हणतात. एका प्रश्नामागे असे शेकडो रिझॉल्व्हर धावू शकतात. कुणी डेटाबेसकडे जातो, कुणी दुसऱ्या सर्व्हरकडे, आणि प्रत्येकाचा बराचसा वेळ निव्वळ वाट पाहण्यात जातो.

वाट पाहण्याचा हा खर्च जुनाच आहे. एका वेळी दहा हजार ग्राहक एका यंत्राला जोडले गेले तर त्यांना कसे सांभाळायचे, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला होता. प्रत्येक ग्राहकामागे एक थ्रेड, म्हणजे जणू स्वतंत्र कारकून, नेमायचा तर स्मरणशक्ती आणि वेळ दोन्ही त्या कारकुनांच्या व्यवस्थापनातच संपतात. फ्रेंडफीड या संकेतस्थळाला ताज्या नोंदी तत्काळ पोहोचवण्यासाठी असंख्य जोडण्या उघड्या ठेवाव्या लागत. त्यासाठी तेथील अभियंत्यांनी पायथन भाषेत टॉर्नेडो हा असिंक्रोनस सर्व्हर लिहिला. २००९ मध्ये फेसबुकने फ्रेंडफीड विकत घेतले आणि त्याच वर्षी टॉर्नेडो सर्वांसाठी खुला केला. ज्या घरातून तो बाहेर पडला, त्याच घरात तीन वर्षांनी ग्राफक्यूएल जन्मली, हा योगायोग गमतीचा आहे.

टॉर्नेडोत खिडकीवर कारकून एकच. अर्ज आला की तो चिठ्ठी देऊन शिपायाला अभिलेख कक्षाकडे धाडतो आणि लगेच पुढच्या अर्जदाराकडे वळतो. शिपाई परतला की आधीचा अर्ज जेथे थांबला होता तेथून पुढे सुरू होतो. या चक्राला इव्हेंट लूप म्हणतात. पायथनच्या ३.५ या २०१५ मधील आवृत्तीत ‘असिंक’ आणि ‘अवेट’ हे शब्द आल्यापासून असा प्रोग्राम सरळ वाचता येईल अशा रीतीने लिहिता येतो. ग्राफक्यूएलचे रिझॉल्व्हरही याच पद्धतीने लिहिता येत असल्यामुळे एकाच प्रश्नातील स्वतंत्र भागांसाठी शिपाई एकदमच सुटतात. तीन ठिकाणी प्रत्येकी शंभर मिलिसेकंद लागत असतील, तर तीनशेऐवजी शंभराच्या आसपास काम होते. जोडी जमते ती इथे.

ती बिघडायलाही वेळ लागत नाही. डेटाबेसशी बोलणारे साधन जुन्या, अडवून धरणाऱ्या पद्धतीचे असेल, तर कारकून स्वतःच उठून अभिलेख कक्षात जाऊन बसतो आणि खिडकीसमोरची सगळी रांग ताटकळते. रिझॉल्व्हरवर ‘असिंक’ असे नुसते लिहिल्याने काही साधत नाही. असे साधन असिंक्रोनस तरी हवे किंवा ते वेगळ्या थ्रेडकडे सोपवायला हवे. पायथनमधील असिंकआयओ या ग्रंथालयात चाचणीची अवस्था चालू केली तर शंभर मिलिसेकंदांहून अधिक काळ चक्र अडवणाऱ्या कामाची नोंद आपोआप होते. अनेक दोष तेथेच पकडता येतात. दुर्दैवाने ही सोय वापरणारे कमीच.

दुसरी खोड खेपांची. पन्नास नोंदी मागितल्या आणि प्रत्येकीच्या लेखकाचे नाव हवे असेल, तर नोंदींसाठी एक आणि लेखकांसाठी पन्नास अशा एक्कावन्न खेपा डेटाबेसकडे होतात. शिपाई वेगाने पळाले तरी अभिलेख कक्षाचे दार तेवढेच राहते. फेसबुकच्या डेटालोडर या साधनाने यावर साधा उपाय दिला: क्षणभर थांबा, जमलेल्या चिठ्ठ्यांची एक यादी करा आणि ती एकदाच पाठवा. इव्हेंट लूपच्या एका फेऱ्यात आलेल्या मागण्या एकत्र करणे असिंक्रोनस रचनेत सहज शक्य होते. पन्नासांच्या जागी एकच खेप उरते.

खरा धोका मात्र प्रश्नाच्या खोलीत आहे. एखाद्याने शंभर मित्र मागितले, त्या प्रत्येकाचे शंभर मित्र आणि पुन्हा त्यांचेही शंभर. तर चार ओळींच्या अर्जाला दहा लाखांहून अधिक नावांचे उत्तर द्यावे लागेल. येथे वाट पाहणे थोडे आणि आकडेमोड फार. कारकून स्वतःच बेरीज करीत बसला की त्याची चपळाई निरुपयोगी ठरते. साध्या थ्रेडच्या सर्व्हरवर अशा अर्जाने एक कारकून अडकतो. येथे संपूर्ण कचेरी थांबते आणि निरुपद्रवी मागणी करणारे शेकडो लोक विनाकारण खोळंबतात. म्हणूनच गिटहब आपल्या ग्राफक्यूएल एपीआयवर एका यादीतून एका वेळी शंभरांहून अधिक घटक देत नाही आणि एका प्रश्नात एकूण पाच लाखांची मर्यादा पाळते. ही मोजणी उत्तर जमवण्यापूर्वी, नुसता प्रश्न वाचून करता येते, हे महत्त्वाचे. एपीआय केवळ स्वतःच्याच ॲपसाठी असेल तर त्याहून सोपा मार्ग आहे: मान्य प्रश्नांची यादी आधीच सर्व्हरवर ठेवावी आणि ॲपने फक्त त्यांचा क्रमांक पाठवावा.

कालमर्यादा घातली की झाले, असे अनेकांना वाटते. पण पाच सेकंदांनंतर काम थांबवा असे सांगणारे घड्याळही त्याच कारकुनाच्या हाती असते. तो आकडेमोडीत बुडालेला असताना पाच सेकंद उलटले तरी घंटा वाजवायला कुणी मोकळा नसतो. ती वाजते बेरीज संपल्यावर. त्यासाठी प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्यामागे एक याप्रमाणे टॉर्नेडोच्या अनेक स्वतंत्र प्रक्रिया चालवाव्या लागतात आणि त्यांच्यापुढे मागण्या वाटून देणारा दुसरा सर्व्हर बसवावा लागतो, म्हणजे एक खिडकी अडली तरी बाकीच्या उघड्या राहतात.