डोळ्यातील पाण्याची साक्ष

डोळ्यातील पाणी म्हटले की प्रथम आसवेच आठवतात. परंतु डोळ्यात आणखी एक पाणी असते. ते कधीही गालावर ओघळत नाही. डोळ्याचा दर्शनी पारदर्शक पडदा आणि त्यामागील भिंग यांच्यामधील जागेत साठलेल्या या द्रवास नेत्रजल म्हणतात. त्याचे प्रमाण जेमतेम पाव मिलिलिटर! दर मिनिटास सुमारे दोन ते अडीच मायक्रोलिटर नवे नेत्रजल निर्माण होते आणि तेवढेच वाहून जाते. ज्या भिंगाला व पारपटलाला रक्तवाहिन्या नाहीत, त्यांचे पोषण हेच पाणी करते.

शांततेची व्यवस्था

निरोगी डोळ्यातील नेत्रजल स्फटिकासारखे स्वच्छ असते. रक्तातील प्रथिने व पेशी त्यात मुक्तपणे शिरू नयेत, यासाठी निसर्गाने रक्त आणि डोळा यांच्यामध्ये एक अडसर घातलेला आहे. शिवाय दाहाला आवर घालणारे काही रेणूही या पाण्यात सदैव असतात. हातापायावरची सूज उतरली की काम भागते. डोळ्यात मात्र थोडीशी सूजही दृष्टी धूसर करू शकते. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९४८ मध्ये सशांच्या डोळ्यातील या जागेत परक्या त्वचेची कलमे बसवली. अन्यत्र शरीर झिडकारते ती कलमे, रक्तवाहिन्या तेथवर पोहोचल्या नाहीत तोवर, डोळ्यात टिकून राहिली. प्रतिकारशक्ती डोळ्यात किती संयमाने वागते, हे त्यावरून दिसून आले.

संयम सुटतो तेव्हा

हा संयम सुटला की ‘युव्हिआयटिस’ हा विकार उद्भवतो. डोळ्याच्या मधल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या आवरणाचा हा दाह होय. क्षय, नागीण यांसारखे संसर्ग, सांध्यांचे व पाठीच्या कण्याचे काही विकार अशी त्याची अनेक कारणे आहेत. पुष्कळदा तर कारण सापडतच नाही. ऐन कर्तेपणाच्या वयातील माणसांना तो गाठतो, हे त्याचे विशेष दुःख.

या दाहात पांढऱ्या पेशी ‘सायटोकाइन’ नावाच्या सूक्ष्म प्रथिनांच्या द्वारे एकमेकींना निरोप धाडतात. इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा दाह भडकवतात, इंटरल्यूकिन-८ आणखी पेशींना पाचारण करते. अडसर सैल होतो आणि प्रथिने व पेशी नेत्रजलात उतरतात. स्लिट लॅम्पच्या प्रकाशझोतात नेत्रतज्ज्ञांना त्या कवडशातील धूलिकणांप्रमाणे तरंगताना दिसतात.

थेंबभर नमुना

निदान अडून बसले, तर डोळा बधिर करून अतिशय बारीक सुईने सुमारे ०.१ मिलिलिटर नेत्रजल काढता येते. त्यात विषाणूंची वा जंतूंची जनुकीय खूण शोधता येते. आजच्या तंत्राने एवढ्याशा द्रवात अनेक सायटोकाइन एकाच वेळी मोजणेही शक्य झाले आहे.

याचा एक उपयोग फार मोलाचा आहे. डोळ्यातील लिम्फोमा हा कर्करोग कधीकधी युव्हिआयटिसचे सोंग घेऊन येतो. स्टिरॉइडने काही काळ बरे वाटते आणि निदान लांबते. सामान्य दाहात इंटरल्यूकिन-६ वाढलेले असते. या कर्करोगाच्या पेशी मात्र इंटरल्यूकिन-१० अधिक प्रमाणात सोडतात. दुसऱ्याचे प्रमाण पहिल्यापेक्षा वरचढ ठरले की तज्ज्ञ सावध होतात. हा अंतिम पुरावा नव्हे. त्यासाठी पेशींची तपासणी लागतेच. पण शोध कोणत्या दिशेने घ्यावा, हे त्यातून कळते.

निरोप अडवणारी औषधे

निरोप कोणते, हे उमगल्यावर ते अडवणे शक्य झाले. टीएनएफ-अल्फाला निष्प्रभ करणाऱ्या अडालिमुमॅब या औषधास २०१६ मध्ये अमेरिकेत युव्हिआयटिसच्या काही असंसर्गजन्य प्रकारांसाठी मान्यता मिळाली. मात्र हाच रेणू शरीरात दडून बसलेल्या क्षयाच्या जंतूंनाही रोखून धरतो. त्यामुळे असे औषध सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी आवश्यक ठरते. भारतात तर तिचे महत्त्व अधिकच.

या तपासण्यांनाही मर्यादा आहेत. भिन्न कारणांच्या दाहात तेच ते रेणू वाढलेले आढळतात. म्हणून केवळ आकड्यांवरून निदान होत नाही आणि प्रत्येक रुग्णाच्या डोळ्यातील पाणी काढण्याची गरजही नसते.

सर्वसामान्यांनी लक्षात ठेवावे ते एवढेच. डोळा लाल झाला की ‘डोळे आले असतील’ असे म्हणून औषधाच्या दुकानातून थेंब आणण्याची सवय घातक आहे. चिकटा नसताना डोळा दुखणे, उजेड सहन न होणे, नजर अंधुक होणे ही लक्षणे दिसताच नेत्रतज्ज्ञांना गाठावे. स्टिरॉइडचे थेंब या विकारात गुणकारी असले, तरी देखरेखीविना वापरल्यास काचबिंदू व मोतीबिंदू यांना आमंत्रण देतात. काही संसर्गांत तर आजार बळावतो. वेळेवर केलेला उपचारच दृष्टी राखू शकतो.