घरचा मुलगा चौकात का रमतो?

दहावीचा निकाल लागला की मुलींनी बाजी मारल्याची बातमी दरवर्षी छापून येते. २०२४ साली राज्यात ९७.२१ टक्के मुली पास झाल्या, तर मुलगे ९४.५६ टक्के. लेकींचे कौतुक झालेच पाहिजे. पण मागे राहिलेला मुलगा कुठे आहे?

हिंगणघाट, पुलगाव, देवळी, आर्वी, कोणत्याही गावच्या पानठेल्यावर संध्याकाळी नजर टाका. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा चौदा वर्षांपर्यंतच हात धरतो. नेमके त्याच वयात मिसरूड फुटते, कापसाच्या हंगामात चार पैसे हाती येतात आणि सोबती हिणवतात, "पोरीवानी पुस्तक घेऊन काय बसतोस?" मग शाळा सुटते. पूर्वी कमी शिकलेल्यालाही कापड गिरणीत काम मिळे. आता पुलगावची गिरणीही बंद पडली आहे.

हे दुखणे आपल्याच जिल्ह्याचे नाही. दूरच्या जमैका बेटावरही मुलगे शाळेत मागे पडतात. तिथले अभ्यासक मार्क फिगेरोआ यांनी त्याचे मूळ लाडात दाखवले आहे. मुलीला घरात कामाची, वेळेची शिस्त लागते आणि ती शाळेत उपयोगी पडते. मुलाला मात्र मोकळे सोडले जाते.

आपल्या घरात वेगळे काय घडते? मुलगी वेचणीला जाते, भाकरी टाकते, मग दिव्याखाली बसते. मुलगा जेवून ताट तिथेच ठेवतो आणि बाहेर पडतो. त्याला कोणी विचारत नाही. ही मोकळीकच त्याचा घात करते.

बाबासाहेब परळच्या चाळीतील एका खोलीत शिकले. सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागी स्वतः झोपत. पुस्तकांसाठी त्यांनी विवाहित लेकींचे दागिने गहाण ठेवले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. मर्दपणा म्हणायचा तर हा.

वडीलधाऱ्यांनो, आज रात्री मुलाला घरी थांबवा. ताट त्यालाच धुऊ द्या. मग त्याची वही उघडून शेजारी बसा. वाचता येत नसले तरी बसा. बाप शेजारी बसला की पुस्तक हे पोरींचेच काम आहे, असे कोणत्या मुलाला वाटेल?