पाहुण्या शास्त्रज्ञाचे कागद

लोणारला गेलेला वऱ्हाडी माणूस धारेखाली हातपाय धुतो, दैत्यसूदनाच्या देवळातली शिल्पे पाहतो आणि सरोवराच्या काठावर उभा राहून ‘इथं उल्का पडली म्हणतात’ एवढे बोलून परततो. हे प्रथम पुराव्यानिशी कोणी म्हटले, याची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा खळगा ज्वालामुखीतून झाला असावा, असा समज बराच काळ होता. १९७३ साली ‘सायन्स’ या अमेरिकी नियतकालिकात जेमतेम तीन पानांचा एक निबंध आला. आपल्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर, बाहेरून काहीतरी प्रचंड वेगाने आदळल्याच्या खुणा त्यात मांडलेल्या होत्या. त्याचे लेखक चार होते. कर्ट फ्रेड्रिक्सन आणि डॅनियल मिल्टन हे दोघे अमेरिकी संस्थांतले, तर दुबे आणि बालसुंदरम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे. अपोलो यानांनी चंद्रावरून आणलेले दगड त्याच सुमारास प्रयोगशाळांत तपासले जात होते. चंद्रावरची सखल मैदानेही बेसॉल्टचीच, त्यामुळे बुलडाणा जिल्ह्यातल्या या खळग्याचे महत्त्व एकदम वाढले. पुढे १९९७ मध्ये त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे मोजले गेले. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्रेड जूर्डां यांच्या चमूने वेगळ्या पद्धतीने मोजून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेले. दगड वऱ्हाडचा, मोजणी हजारो मैल दूरची आणि निष्कर्ष सगळ्यांचा, अशी ही विद्या आहे.

अशा निबंधाच्या शेवटी पैसे देणाऱ्यांचे, यंत्रे देणाऱ्यांचे आभार असतात. परदेशी सहकाऱ्याचे आमंत्रणपत्र नीट शब्दांत लिहिणाऱ्याचे, त्याच्या व्हिसाचा प्रकार अचूक सांगणाऱ्याचे आभार सहसा दिसत नाहीत. पण तो कागद चुकला की पुढचे सगळेच अडते. परदेशी शास्त्रज्ञ अकोला-अमरावतीसारख्या ठिकाणी का येत नाहीत, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: सरकारी नियम फार कडक. मला हे उत्तर अर्धेच खरे वाटते. नियम किचकट आहेत, यात वाद नाही. पण ते छापलेले आहेत आणि वाचता येतात. खरी उणीव आहे ती ते वाचून वेळेत अमलात आणणाऱ्या माणसाची. हे काम बहुतेक ठिकाणी आस्थापना विभागातल्या कुणाकडे तरी ‘हेही बघा’ म्हणून टाकलेले असते, आणि वर्षातून एखादाच पाहुणा येत असेल तर ते शिकून घेण्याची फुरसत त्यालाही नसते.

काम काय आहे, ते पाहू. शास्त्रज्ञ परिषदेत बोलायला येणार, सहा महिने प्रयोग करणार की पगारावर राहणार, यावर व्हिसाचा प्रकार ठरतो. परिषदेचा व्हिसा वेगळा, संशोधनाचा वेगळा, नोकरीचा वेगळा. नोकरीच्या व्हिसासाठी वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये पगाराची सर्वसाधारण अट आहे. परदेशी पदार्थ करणारे आचारी, इंग्रजीखेरीज अन्य परकीय भाषांचे शिक्षक, अशा काहींनाच तिच्यातून सूट. (आचाऱ्याला सूट आणि कीटकशास्त्रज्ञाला नाही, यावर हसावे की रडावे हे ज्याचे त्याने ठरवावे.) आता हिशेब करा. पीएच.डी.नंतरच्या संशोधन सहयोगीला केंद्र सरकारच्या २०२३ च्या दरांप्रमाणे महिन्याला ५८ ते ६७ हजार रुपये मिळतात, म्हणजे वर्षाला घरभाडे सोडून ७ ते ८ लाख. त्या छात्रवृत्तीवर परदेशी तरुणाला बोलावून आमंत्रणपत्रात ‘नियुक्ती’ असा शब्द लिहिला, तर अर्ज भलत्याच खिडकीवर जाऊन पडतो. ‘संशोधनासाठी’ असे लिहून प्रकल्पाचा आराखडा, कालावधी आणि खर्चाची जबाबदारी जोडली, तर तो योग्य खिडकीवर जातो. सरकारी संस्थेची आंतरराष्ट्रीय परिषद असेल तर गृहखात्याची आणि परराष्ट्र खात्याची मंजुरी आधी घ्यावी लागते, आणि काही देशांच्या नागरिकांची तपासणी जास्त वेळ घेते. पाहुणा पोहोचल्यावर विद्यापीठाच्या अतिथिगृहाने चोवीस तासांत त्याची माहिती कळवायची असते. ज्याला आजवर ‘सी फॉर्म’ म्हणत आले तो हाच. १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या व्हिसावर आला असेल तर साधारणपणे चौदा दिवसांत नोंदणी लागते. जिल्ह्यांत हे काम पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे असते आणि आता ते बरेचसे संगणकावरूनच होते. १ सप्टेंबर २०२५ पासून १९२०, १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे जाऊन आप्रवासन आणि परदेशी नागरिकांबाबतचा एकच नवा कायदा लागू झाला. परदेशी माणसाची माहिती देण्याची शिक्षणसंस्थांची जबाबदारी त्यात स्पष्ट नोंदलेली आहे. म्हणजे हे काम जाणणारा माणूस ठेवणे ही आता हौस राहिलेली नाही.

तो माणूस नसला की लोक पळवाट शोधतात, आणि सगळ्यांत सोपी पळवाट म्हणजे पर्यटक व्हिसा. ‘चार दिवसांचेच तर काम आहे’ असे म्हणत पाहुणाही तयार होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये हिंदी साहित्याच्या लंडनमधल्या नामवंत अभ्यासक फ्रांचेस्का ओर्सिनी यांना दिल्ली विमानतळावरूनच परत पाठवले गेले. त्यांनी आधीच्या भेटीत व्हिसाच्या अटी मोडल्या होत्या, असे सरकारी सूत्रांनी सांगितले. त्या कारवाईवर टीका झाली आणि ती योग्यच होती. आयुष्यभर आपल्या भाषांचा अभ्यास केलेल्या बाईंना असे वागवणे शोभणारे नव्हते. पण संस्थांनी त्यातून धडा घ्यायचा तो हा, की पाहुण्याला चुकीच्या कागदावर बोलावले तर शिक्षा पाहुण्याला होते, बोलावणाऱ्याला नाही.

वर्ध्यात जन्मलेल्या डॉ. पांडुरंग खानखोजे यांची कथा याची दुसरी बाजू दाखवते. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक इंग्रजांच्या काळ्या यादीत गेला, देशोदेशी फिरत १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोहोचला आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागला. मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या आणि दिएगो रिवेराच्या भित्तिचित्रातही त्यांचा चेहरा आला. मायदेशाने ज्याच्यासाठी दार बंद केले होते, अशा माणसाला मेक्सिकोने कामाला लावले आणि त्या देशाचा फायदा झाला. इकडे स्वातंत्र्यानंतर त्यांनी मायदेशी येण्यासाठी अर्ज केला, तेव्हा आधी नकार मिळाला, कारण इंग्रज गेले तरी त्यांची यादी फायलीत तशीच होती. नंतर मार्ग मोकळा झाला आणि १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. या नकारामागे कुणाचा दुष्टपणा असेलच असे नाही. जुनी फाईल उघडून ‘हे आता लागू नाही’ असे लिहिण्याचे काम कुणाचेच नसते, तेव्हा असेच घडते.

आता आक्षेप. पहिला सुरक्षेचा आणि चोरीचा. बाहेरचे लोक येतील, मेळघाटातली वनस्पती, कपाशीचे जुने वाण घेऊन जातील आणि पेटंट काढतील. ही भीती पोकळ नाही. पण हळदीचे उदाहरण नीट आठवावे. जखम भरण्याच्या तिच्या गुणाचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले आणि १९९७ मध्ये आपल्या सीएसआयआरने ते रद्द करवले. ते घेणारे मिसिसिपीतल्या विद्यापीठातले दोघे भारतीय वंशाचे संशोधक होते. त्यांना अडवायला कुठला व्हिसा पुरला असता? जैविक संपत्तीच्या रक्षणासाठी २००२ चा जैवविविधता कायदा आहे. परदेशी माणसाला आपली जैविक सामग्री संशोधनासाठी हवी असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते, जंगलात जायचे तर वनखात्याची. पहारा सामग्रीवर ठेवायचा असेल तर त्याची व्यवस्था इथे आहे. माणसाचा अर्ज टेबलावर कुजवत ठेवल्याने बियाण्याचे रक्षण होत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. आपलीच पोरे पीएच.डी. करून घड्याळी तासिकांवर राबतात, कृषी विद्यापीठांत जागा रिकाम्या पडतात, आणि तुम्ही परदेशी माणसांची काळजी करता? यातली चीड खरी आहे आणि रिक्त पदे भरलीच पाहिजेत. पण चार-सहा महिन्यांसाठी येणारा पाहुणा कुणाची जागा खात नाही. त्याच्याकडून विद्या आणि ओळखी इथल्या पोरांनाच मिळतात. वऱ्हाडाच्या शेतात आज काय उभे आहे ते पाहा. सोयाबीन इथले नव्हे. १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांत अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे शास्त्रज्ञ येऊन राहिले, तेव्हा मध्य भारतात ते पीक रुजायला लागले. मर रोगाला तोंड देणारी ‘आशा’ आणि ‘मारुती’ ही तूर हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या कामातून आली. १९७२ मध्ये ती संस्था स्थापन झाली, तेव्हा तिथल्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांसाठी सरकारने खास दर्जाची तजवीज केली. सरकारला वाटले तेव्हा कागद हलले, एवढे तरी यातून दिसते.

अमेरिकेचा दाखला जपून द्यावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकला गेला, आणि मुलाखतीसाठी मुंबईची फेरी मारणाऱ्या अमरावतीच्या मुलांना त्या देशाचे औदार्य सांगण्यात अर्थ नाही. घ्यायचे ते एवढेच, की तिथल्या विद्यापीठांत परदेशी संशोधकांचे कागद पाहणारे स्वतंत्र कार्यालय असते. पाहुण्या संशोधकाचा मूळ दाखला सरकारने नेमून दिलेला विद्यापीठाचाच अधिकारी काढतो, आणि तो चुकला तर जाब त्याला विचारतात. १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला किंवा अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाला यासाठी नवी इमारत नको. दोन्ही मिळून एक जाणता माणूस ठेवला तरी भागेल. ज्या पंजाबरावांनी स्वतः एडिंबरो आणि ऑक्सफर्डला जाऊन शिक्षण घेतले, त्यांच्या नावाच्या विद्यापीठाला यात काही परके वाटू नये.

शेतीच्या संशोधनात या माणसाची गरज इतर ठिकाणांपेक्षा अधिक आहे, कारण इथे वेळ पिकाच्या हातात असते. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा दोन महिने थांबू शकते. २०१७ च्या हंगामात विदर्भाची कपाशी खाणारी गुलाबी बोंडअळी बोंडातच पाहावी लागते, आणि बोंडे मुख्यतः सप्टेंबर ते नोव्हेंबरात. व्हिसा डिसेंबरात हातात पडला तर पाहुण्याला पऱ्हाट्या दाखवाव्या लागतात आणि पूर्ण वर्ष वाया जाते. एप्रिल २०२५ पासून अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचे विमान सुरू झाले आहे, त्यामुळे प्रवासाचा एक दिवस वाचतो. कागदाचे महिने मात्र त्याने वाचत नाहीत. म्हणून हिशेब उलटा करायचा. सप्टेंबरात माणूस शेतात हवा तर जुलैत व्हिसा हातात हवा, त्यासाठी मे महिन्यात अर्ज आणि एप्रिलपर्यंत मंजुऱ्या. म्हणजे पहिले पत्र होळीच्या आत निघायला हवे, जेव्हा गावात अजून शेवटच्या वेचणीचा कापूस घरात पडलेला असतो.